लाल बाप, पांढरी आई

२ फेब्रुवारी

आज पुन्हा टोचलं! मांडीला, पँटवरून. रक्त आलं. हे लाल कोंबडे नाहीतच, लांडगे आहेत. दार उघडलं की पंचवीसच्या पंचवीस अंगावर. आणि त्यांच्या पांढऱ्या कोंबड्या मात्र गप्प, खाली मान घालून.

शेवटी दुपारी अक्कल लढवली. बाजूच्या शेडमध्ये राखीव पांढरे कोंबडे आहेत — एकदम गरीब. लालांना पेट्यांत कोंबून तिकडे सोडलं, पांढऱ्यांना इकडे आणलं. कोंबडा तो कोंबडा. अंडी फळली म्हणजे झालं. कळायचं कुणाला? रोगराई नको म्हणून या शेडांत माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, ही ओरियानोमालकाचीच ताकीद.

९ फेब्रुवारी

आठवडा झाला, एक ओरखडा नाही. आईला फोनवर म्हटलं, इटलीत आता इथेच टिकणार. म्हणाली, डोरेल, हे तू विटांच्या भट्टीवरूनही म्हणाला होतास, आणि पीचच्या बागेतूनही.

१८ फेब्रुवारी

काय करून बसलो मी!

आज बुधवार, पिल्लं निघायचा दिवस. माणूस कमी होता म्हणून मालकाने मला पहिल्यांदाच हॅचरीत बोलावलं, निवडीच्या टेबलावर. तिथे नीवेसमावशी बसते. अडतीस वर्षं त्याच स्टुलावर. माझ्याआधी कुणाशी फार बोलत नसे म्हणतात. मला पहिल्या महिन्यातच घरी नेऊन पियादिना, इकडची पोळी, खाऊ घातली, हिवाळ्यात नवऱ्याचा कोट दिला.

तिचे हात बघतच राहावेत. ट्रेमधली ओली-सुकी पिल्लं — लाल डाव्या खोक्यात, पिवळी उजव्या. बघतसुद्धा नाही असं वाटतं. मी विचारलं, असं भराभर काय वेगळं करतेस? हसली. लाल ती पोरी, पिवळे ते पोरगे, एवढंही माहीत नाही? पोरी विकायच्या, पोरग्यांना कुणी विचारत नाही. ते खोकं मागच्या खोलीत जातं, गॅसच्या पेटीत.

मी म्हटलं, पण रंगावरून कसं कळतं?

"अरे, बाप लाल नि आई पांढरी. पोरगी बापाचा रंग घेते, पोरगा आईचा. बाप पांढरा असला ना, तर सगळीच पिवळी निघतील. मग बस डोकं खाजवत."

मी उचललेला ट्रे तसाच धरून उभा राहिलो. ती म्हणाली, दमलास का रे?

संध्याकाळी धावत शेडवर गेलो, सगळे कोंबडे होते तिथे परत केले. लालांनी दोन्ही हात फोडले. फोडू देत. पण मधल्या दोन आठवड्यांची अंडी उबवायच्या यंत्रात बसली आहेत, एकवीस दिवसांनी फुटणार, ती आता कोण बदलणार?

१९ फेब्रुवारी

मालकाला सांगायचं ठरवून गेलो. तो वैतागलेला होता, लॉरी वेळेवर आली नव्हती. मागच्या वर्षी एकाने फाटक उघडं टाकलं म्हणून त्याला त्याच दुपारी घालवलं होतं. मी म्हटलं, खाद्य संपत आलंय. तो म्हणाला, मग माझं तोंड काय बघतोस, मागव. परत आलो.

४ मार्च

लाल कमी निघाली. दर वेळी निम्मी असतात, आज तिसरा हिस्सासुद्धा नाही. आधीच्या कोंबड्याचं बीज माद्यांच्या पोटात काही दिवस टिकतं, म्हणून तेवढी तरी. नीवेसमावशी दोनदा थांबली. डोळे चोळले.

उजवी खोकी मागे मीच नेली. त्यांत किती पोरी होत्या? पेटीचं झाकण लावताना दुसरीकडे बघितलं.

११ मार्च

हे लिहू नये असं वाटतंय. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

आज जवळजवळ सगळी पिवळी. हजारात साठेक लाल असतील. ती तिसऱ्या ट्रेला थांबली. दोन्ही मुठींत एकेक पिल्लू. यंत्रांच्या घरघरीत पॅकिंगवाल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून मला अगदी जवळ बोलावलं.

"डोरेल, खरं सांग. या ट्रेमध्ये लाल किती आहेत?"

मी बघितलं. एकही नव्हतं.

एवढंच म्हणायचं होतं — एकही नाही मावशी. मग ती स्वतःच म्हणाली असती, अरे, मग बाप चुकलाय. मालकाने शेड बघितली असती. कोंबडे आता जागेवर आहेत, पण ते तिथे कधी नेले हे विचारलंच असतं. आणि माझं तोंड खोटं बोलून टिकत नाही, मला माहीत आहे. असं मला वाटत होतं.

टिकलं!

मी म्हटलं, "आहेत की. बरीच आहेत. मावशी, तू तर लाल पण उजवीकडे टाकतेयस."

तिने पिल्लं खाली ठेवली. हळूच, जणू फुटतील. मग विचारलं, आधीच्या ट्रेमधली पण? मी मान हलवली. तिने उजव्या खोक्यात हात घातला, एक पिल्लू उचललं, दिव्याखाली धरलं. मला दाखवलं. हे? मी म्हटलं, हे लाल आहे. लख्ख पिवळं होतं. मोहरीच्या फुलासारखं.

तिने ते माझ्या हातात दिलं. म्हणाली, मग तूच ठेव डाव्या खोक्यात. मी ठेवलं.

१२ मार्च

मालकाने आकडे बघून बोलावण्याआधी नीवेसमावशीच त्याच्याकडे गेली. म्हणाली, माझे डोळे गेले, तुमचा माल मी वाया घालवला, मी बसत नाही आता. काल पिवळा तेवढा दिसत होता, तांबडा दिसतच नव्हता. हे मालकाने मला सांगितलं. वर म्हणाला, बाईमाणूस पण खरी, स्वतःहून बोलली. तुमच्यापैकी कुणी बोललं असतं?

मी म्हटलं, नाही.

जाताना तिने तिची गादी स्टुलावरच ठेवली. माझ्यासाठी. स्टूल टणक आहे म्हणाली.

१८ मार्च

तिच्या स्टुलावर मी. लाल वाढली, निम्म्याहून अजून कमी. मालकाने पाठीवर थाप मारली — बघ, तरुण डोळे ते तरुण डोळे.

गादी काढून बाजूला ठेवली. तिच्यावर बसवत नाही.

२५ मार्च

निम्मी लाल, निम्मी पिवळी. एकदम बरोबर. पॅकिंगवाल्या बायका म्हणाल्या, बिचारी नीवेस, म्हणजे डोळेच होते तर. आता सगळ्यांना पटलं. पुरावासुद्धा मीच तयार केला, लाल कोंबडे जागच्या जागी ठेवून.

जेवण गेलं नाही.

२९ मार्च

रविवार. तिच्या गल्लीपर्यंत गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. प्रत्येक कपडा डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, मग तारेवर टाकत होती. कोपऱ्यावरूनच वळलो. हलकट!

२ एप्रिल

फोर्लीच्या मोठ्या इस्पितळात तिचे डोळे तपासले. मला कळलं तेव्हा छातीवरचं ओझंच उतरलं — डॉक्टर सांगणार डोळे चांगले आहेत, मग ती समजेल, येईल, माझ्या थोबाडीत मारेल. मारू दे. काम गेलं तरी चालेल. दिवसभर दाराकडे बघत होतो.

संध्याकाळी तिची लेक लोरेत्ता हॅचरीत आली, आईचा एप्रन न्यायला. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे क्वचित. रंगसुद्धा सगळे ओळखले.

मी विचारलं, मग?

लोरेत्ताने एप्रनची घडी घातली. म्हणाली, आईने परत येताना गाडीत डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. घरी आल्यावर म्हणाली — डोळे नाहीत, म्हणजे डोकं आहे. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं, समोरचं दिसायचं वेगळं नि असायचं वेगळं. गॅसवर काही ठेवून विसरेन म्हणून तिने स्वयंपाक सोडलाय. गाडीची किल्ली लोरेत्ताकडे दिली. वृद्धाश्रमात नाव घाल म्हणते, मला कळतंय तोवरच घाल.

मग मला म्हणाली, तुझी फार आठवण काढते. तूच तेवढा खरं बोललास म्हणते.

३ एप्रिल

उद्या सकाळी जातो. दाढी करून. आधी तिला सांगणार, तिथून मालकाकडे.

४ एप्रिल

सांगितलं. कोंबडे, ट्रे, ते पिवळं पिल्लू, सगळं. रडलो पण.

नीवेसमावशीने सगळं ऐकून घेतलं. माझा ओरबाडलेला हात हातात घेऊन थोपटत राहिली. मग लोरेत्ताकडे वळून म्हणाली, "बघ गं, परक्याचं पोर. म्हातारीला बरं वाटावं म्हणून केवढं स्वतःवर घेतंय."