चढावर थांबलेली टॅमरॅक

मॅडिसन, १४ जानेवारी

ती. बाबांस,
सायमीचा सा. न. वि. वि.

आईचं पार्सल पोचलं. वेलदोड्याचा पाव ऑफिसात नेला हा माझा मूर्खपणा. मला शेवटी चुरा मिळाला.

आता मुद्द्याचं. फोनवर सांगितलं असतं, पण आपण दोघं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. आमच्या मासिकाच्या मार्चच्या अंकात घरगुती एसयूव्हींची ऑल-व्हील ड्राइव्ह बर्फात कितपत साथ देते, याची चाचणी येते आहे. सगळ्या गाड्या एकाच टेकडीवर, एकाच जातीचे टायर घालून, मी चालवल्या. त्यांत तुमच्या कंपनीची, तुम्ही घडवलेली टॅमरॅक शेवटची आली.

बर्फाळ चढावर ती थांबवली आणि पुन्हा निघायला गेलं, की पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. मागची उशिरा जागी होतात, दोनचार झटके देतात, आणि मग समोर दिवा लागतो: मागच्या चाकांचा क्लच तापलाय, निवेपर्यंत ती फिरणार नाहीत. त्यानंतर गाडी मागे घसरू लागते. ही माझ्या बाबांची गाडी आहे हे मी संपादकांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या चालकालाही बसवलं. त्याचंही तेच झालं.

मागच्या चाकांना जोर कधी आणि किती द्यायचा, हे तुम्ही त्या गोठलेल्या तळ्यावर हिवाळेच्या हिवाळे काढून बसवलंत. फेब्रुवारीअखेर कंपनी त्याबद्दलच तुमचा सत्कार करते आहे, आणि अंकही त्याच सुमाराला येतो. संपादक म्हणाले की हवं तर दुसऱ्याच्या नावाने छापू. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येऊ नये म्हणून हे पत्र.

रागवा, पण उत्तर पाठवा. आईला नमस्कार.

तुमची,
सायमी

*

कॅल्युमेट, १९ जानेवारी

चि. सायमी हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून मांसाची पेस्टी ताटात तशीच राहिली, आणि तुझ्या आईने ती शेजारच्या हेक्किनेनच्या कुत्र्याला घातली.

बाई गं, टॅमरॅक बर्फात चढत नाही हे तू मला सांगतेस? ज्या टेकडीवर बर्फ काढणारी नांगरगाडीसुद्धा दमते, तिथे मी ती रोज चढवतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ये आणि बघ. टायर कुठले होते? त्यांत हवा किती होती? तुमच्या मॅडिसनात टेकडी म्हणतात ती आमच्याकडे पायरी असते. कागदावर नंबर लावणं सोपं आहे. उणे तीस अंशांत बोटं सुन्न होईपर्यंत क्लच उघडून बसणं सोपं नाही. आम्ही सगळे मूर्ख होतो काय?

सत्काराला जुने सगळे यायचेत. त्यांच्यापुढे मी कुठल्या तोंडाने उभा राहू? घरातल्याच पोरीने नाक कापलं म्हणतील. निदान तो सत्कार होईपर्यंत तरी थांबता आलं असतं तुला.

आशीर्वाद द्यायचा म्हणून देतो आहे.

बाबा

*

मॅडिसन, २४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टायरचा तुमचा प्रश्न रास्त होता. म्हणून सगळ्या गाड्यांना तुमच्यासारखे हिवाळी टायर घालून त्या पुन्हा चालवल्या. सगळ्याच सुधारल्या, टॅमरॅकही सुधारली, पण नंबर शेवटचाच राहिला.

बाबा, तुम्ही मूर्ख नव्हता. गडबड उलटीच झालीय असं मला वाटतं. आपल्याकडे चढावर कोण थांबतं? मला पहिला धडा तुम्ही तोच दिलात, की खालून वेग घे आणि माथ्यापर्यंत पाय ढिला करू नकोस. मी एकदा मध्येच थांबले तर तुम्ही मला उतरवून घरापर्यंत पायी चालवलं होतंत! तुम्ही टॅमरॅक तशीच चढवता. ती तशी झकास चढते, आणि हेही मी लेखात लिहिलं आहे.

पण ती गाडी विकत कोण घेतं? मागच्या सीटवर दोन पोरं असलेली आई. तिच्यापुढे चढावर शाळेची बस लाल दिवे लावून उभी राहते, आणि मग कायद्याने तिला थांबावंच लागतं. बस निघते, आणि हिची गाडी मागे घसरते. मागे दुसऱ्या कुणाची पोरं असतात. तिला मी महिनाभर थांब असं सांगू शकत नाही. ह्याच हिवाळ्यात ती गाडी घेणार आहे.

विश्वास बसत नसेल तर तुमच्या टेकडीवर, मधोमध, एकदा थांबून बघा.

माया पातळ होऊ देऊ नका.

सायमी

*

कॅल्युमेट, २ फेब्रुवारी

चि. सायमी,
अ. उ. आ.

टेकडीवर जाऊन आलो. ऊन छान पडलं होतं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

तुला जे छापायचं ते छाप. सत्काराला सुट्टी काढून यायची गरज नाही. रस्ते वाईट आहेत. तब्येतीला जप.

बाबा

*

कॅल्युमेट, ३ फेब्रुवारी

चि. सायमीस,
आईचे अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी पत्रात ऊन पडल्याचं लिहिलंय म्हणे. पडलं होतं खरं, आणि त्या लख्ख उन्हात काय झालं ते ऐक.

परवा सकाळी मला शेजारी बसवून निघाले. टेकडीच्या मध्यावर आल्यावर, आता बस थांबली असं समज, असं मला सांगून थांबले. मग निघायला गेले. चाकं नुसती बोंबलत होती. दिवा लागला. गाडी मागे सरकत सरकत, पार फिरून, हेक्किनेनच्या कुंपणापाशी चरात जाऊन बसली. मी देवाचं नाव घेत होते आणि हे मला गप्प बस म्हणत होते. वाल्फ्रिड हेक्किनेनने ट्रॅक्टरने ओढून काढली, आणि अशी मजा फार वर्षांनी मिळाली असं म्हणाला. ह्यांनी त्याला कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं. वाल्फ्रिडच्या पोटात कधी काही राहिलंय?

घरी आल्यापासून सौनाच्या वाफेतसुद्धा एकटेच जाऊन बसतात. काल तुझा जुना शाळेतला फोटो पुसताना दिसले, तर म्हणतात धूळ होती. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, हे मी लग्नाआधीच ओळखलं होतं. तू मात्र एक अक्षर बदलू नकोस. त्या गाडीत मी बसले होते, पोरी.

सत्काराला जायचं नाही असं आता म्हणताहेत. मी कोट धुवायला दिला आहे.

खाऊन-पिऊन राहा, आणि आईला विसरू नकोस.

तुझी,
आई

*

कॅल्युमेट, १ मार्च

चि. सायमीस,
आईचे अनेक, अगदी पोटभर आशीर्वाद.

काल सत्कार झाला. सगळं जसंच्या तसं लिहिते.

तुझा अंक आमच्याआधी हॉलमध्ये पोचला होता. टेबलाटेबलांवर कुजबुज चाललेली, आणि आम्ही आलो तसे अंक टेबलाखाली गेले. जेवण झालं, आणि कंपनीचे मोठे साहेब बोलायला उठले. बाबांचं कौतुक केलं. मग हसत म्हणाले की हल्ली कुणा पोरीला गाडी चालवता येत नाही आणि ती दोष गाडीला देते. लोक हसले. मला उठून जावंसं वाटलं.

बाबा उठले. हातात पितळी पाटी होती, ती टेबलावर ठेवली. म्हणाले की ती पोर माझी आहे. तिला गाडी चालवायला मी शिकवलं, त्याच गोठलेल्या तळ्यावर. तिला येत नसेल तर मलाही येत नाही, आणि मग हा सत्कार कसला करताय?

मग त्यांनी चराचं, ट्रॅक्टरचं, सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. म्हणाले की आपण सगळे पटाईत, म्हणून चढावर कधी थांबलोच नाही. गाड्या मात्र थांबणाऱ्यांना विकल्या. आपल्या इतक्या जणांच्या डोक्यात जे आलं नाही ते माझ्या सायमीच्या डोक्यात आलं. ज्याला हसायचं असेल त्याने उद्या माझ्याबरोबर टेकडीवर यावं.

त्यांच्याबरोबर तळ्यावर काम केलेला म्हातारा लाहटी पहिला टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच. साहेबांनीही वाजवल्या, जरा उशिरा. क्लच बसवणारा एक तरुण इंजिनियर वही घेऊन आला आणि बाबांना सोडीचना.

घरी येताना मी रडत होते. हे म्हणाले की काच ओली होते, बाहेर बघ.

खाली त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून जागा सोडते. मी भरून पावले गं.

आई

ता. क. सायमी, आईने मीठमसाला लावून लिहिलंय. मी एवढं बोललो नाही. लेख चारदा वाचला. खोडायला एक शब्द सापडला नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि हे मी फोनवर म्हणणार नाही. सुधारलेली टॅमरॅक पुढच्या थंडीत येईल म्हणतात. ती तूच तपास. आमच्याच टेकडीवर आण, मधोमध थांबव, आणि बापाची गाडी म्हणून एक गुणही जास्त देऊ नकोस.

बाबा