क्षुल्लक कारण

४ मे

पुन्हा तोच शब्द! पान तीन, खाली कोपऱ्यात: 'क्षुल्लक कारणावरून मित्राचा खून.' कळमेश्वरची बातमी. तंबाखू-सुपारीचा खर्रा दिला नाही म्हणून अनंत नावाच्या पोरानं मित्राच्या पोटात सुरा घातला, आतडं बाहेर आलं. एवढीशी बातमी, त्यात आतड्याला अर्धी ओळ!

शब्द सोनिकाचाच. पान तीन तीच लावते.

मत: कोणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटतं. कोणाचं ते ठरलं नाही.

५ मे

तिला फोन लावला. म्हटलं, "क्षुल्लक काहून लिहून राहिली वं? मारणाऱ्याले विचारलं का कोणी?"

म्हणे, "पोलीस सांगते ते लिहितो आम्ही. तुले एवढंच वाटते तर जाय ना कळमेश्वरले, विचार!" मग जरा मऊ — "वाचून राहिला ना रोज?"

वाचून राहिलो! तिच्यासाठीच तर. कॉलेजात सरांची कॉलर धरली, दुसऱ्या वर्षालाच घरी बसलो. सगळे दोस्त पसार. हीच एकटी गेटपर्यंत आली. "प्रशिक, हात उचलायच्या आधी पेपर उचल. रोज दोन बातम्या, रविवारी संस्कृतीचं पान. वाचलं ते लिहून काढ, डोकं थंड राहते." ती पेपरात लागली. मी गांधीबागेतल्या दुकानात कापड मोजतो आणि हे लिहितो. डोकं काही थंड झालं नाही. ती मात्र रोज आठवते — पान तीन उघडलं की!

माणूस उगाच कोणाचं पोट फाडत नाही. आत काहीतरी असतंच. माझ्या आत नाही का?

७ मे

वाचलं: काही नाही. सिग्नलवर एका बाइकवाल्याशी झोंबलो. त्याचा आरसा तोडला. माझा ओठ फाटला.

१० मे

संस्कृतीचं पान. अर्धं पान भरून लेख — खर्रा म्हणजे म्हणे नागपूरची ओळख! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन तळहातावर घोटतात, त्या आवाजाला म्हणे लय असते. लिहिणारा धरमपेठेत कॉफी पीत बसलेला असणार.

बाबांचा अर्धा जबडा कापला, त्याची लय कोणती रे? शेवटी नळीनं वरण जायचं पोटात, निम्मं गळ्यावरून ओघळायचं. तेव्हापासून आमच्या घरात सुपारीचं खांडही येत नाही. पाहुण्यालासुद्धा आई बडीशेप देते.

पान टराटरा फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तिला वचन दिलं आहे ना.

१३ मे

दुकानाला दांडी मारून कळमेश्वर. अनंतचं घर सापडलं — बाहेर भिंतीवर कोणीतरी शेण फेकलेलं. आई सिंधूताई एकटीच. मला पेपरवाला समजली.

म्हटलं, "काकू, आधीचं भांडण असंन. कोण्या गोष्टीचा राग असंन."

"नाही रे बाबू. सख्ख्या भावासारखे होते दोघं. एका ताटात जेवत."

"मग काहून मारलं?"

"खर्रा. त्यानं ठाण्यात तेच सांगतलं. जेलात भेटाले गेली तं मलेही तेच. खर्रा, माय, खर्रा." मग दारातल्या दोरीकडे पाहत — "त्याचे शर्ट मीच धुवो. कवा खर्र्याचा डाग दिसला नाही मले. पण पोरं बाहेर काय खाते, मायले काय मालूम?"

परत येताना बसमध्ये घाम आणि लाज. काहीच नव्हतं आत! पन्नीभर सुपारीसाठी एक पोरगा मेला. सोनिकाला मेसेज टाकला — तुझा शब्द बरोबर. क्षुल्लकच.

तिनं हसरा चेहरा पाठवला. मी संध्याकाळभर तोच पाहत बसलो. गधा!

१६ मे

सोनिका दुकानात! निळं कापड घेतलं. मीच मोजलं. चार बोटं जास्त दिलं.

मालकाचा पुतण्या धर्मेंद्र गल्ल्यावर बसून मोबाइल तिच्याकडे धरून होता. मला वाटलं, रील पाहतो आहे.

१८ मे

आज पान फाटलं तरी लिहिणार! नाही — नंतर. दुकानात जातो आहे. दुकानातला नीलेश म्हणाला, धर्मेंद्र सोनिकाचा एक फोटो सगळ्यांना दाखवणार म्हणतो आहे.

२१ मे

सुटलो. मामानं जामीन दिला.

फोटोत तोंड सोनिकाचं होतं, बाकी तिचं नव्हतं. मोबाइलमध्ये बनवलेलं. पुढं लिहीत नाही, इथंही नाही. धर्मेंद्र म्हणाला, "अजून गेला नाही कुठं. पहिला तुलेच दाखवला, पाह्य!"

आधी मोबाइल फरशीवर. टाचेखाली, चुरा होईपर्यंत. मग लोखंडी मीटर उचलला, ज्यानं तिचं कापड मोजलं तोच. मनगटावर घातला. हाड तुटल्याचा आवाज ऐकला आणि — खोटं काहून लिहू — बरं वाटलं. पुन्हा घातला. कापडाचे तागे लाल झाले. नीलेशनं मागून गळा आवळला म्हणून तो जिवंत आहे.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "कारण सांग. काहून मारलं?"

तोंड उघडलं. तिचं नाव जिभेवर. मग दिसलं — हे कागदावर जाणार, कागदावरून पेपरात, 'तरुणीच्या फोटोवरून', आणि अख्खं नागपूर विचारणार, कोणती तरुणी? कोणता फोटो? आणि ते पान लावणार तीच!

"खर्रा, साहेब. मागतला, देला नाही यानं."

धर्मेंद्र हाताला फडकं बांधून समोर कण्हत होता. माझ्याकडे पाहिलं. समजला. "हो साहेब. खर्राच."

हवालदार हसला. "काय पोट्टे आहे रे तुम्ही!"

२२ मे

पान तीन. 'क्षुल्लक कारणावरून व्यापाऱ्याच्या पुतण्यास बेदम मारहाण.' नाव, वय, वस्ती, सगळं बरोबर. पहिल्यांदा तो शब्द वाचून राग आला नाही. मीच दिलेला होता.

आईला शेजारच्या यमुताईनं वाचून दाखवली. आईनं माझे खिसे उलटे केले. जबडा धरून तोंडाचा वास घेतला. मग चप्पल. तोंडावर, डोक्यावर, जिथं लागेल तिथं. "बापाले खाल्लं त्यानं! त्याच्यासाठी हाड मोडलं तू लोकाचं? त्याच्यासाठी?"

मी हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

२३ मे

सोनिकाचा मेसेज: "बातमी मीच लावली. तुमच्या घरी तं सुपारीही चालत नाही. खर्रा कुठून आला गा?"

४ मेचं पान तीन पुन्हा काढून वाचलं. अनंतच्या शर्टावरही खर्र्याचा डाग नव्हता.