मावशी, इथंही पाणी जातं

सेज जंक्शन, नेवाडा

तीर्थरूप अहिल्यामावशीस शंतनूचा वाकून नमस्कार. मनमाडला सगळे खुशाल असतील, तुझी कंबर बरी असेल आणि पिंपावर झाकण असेल असं धरून चालतो. रुचा ठीक आहे. सातवा लागला, आता खुर्चीतून उठायचं म्हटलं की मला हाक मारते.

परवा फोनवर तू म्हणालीस, अमेरिकेत माझं काय काम, तिथं नळ सोडला की पाणी. म्हणून हे पत्र. तुझा गैरसमज आहे, मावशी. रेल्वेच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर बघायला मी या वाळवंटात आलो तेव्हा गाव एवढंसं होतं. आता गोदामं आली, माणसं आली, घरं झाली, विहिरी मात्र तेवढ्याच राहिल्या. लॉनला पाणी घालायला बंदी, गाडी धुवायला बंदी. मनमाडहून निघून मी पुन्हा मनमाडलाच उतरलोय (वडापाव तेवढा मिळत नाही).

गेल्या महिन्यात मोठी पाइपलाइन दुरुस्तीला काढली, गावभर पाणी बंद राहणार असा मेसेज आला. लोकांनी दुकानातून बाटल्या आणल्या. मी तुझ्या हाताखाली वाढलेला. बाथटब, कुकर, कॉफीचे मग, देवाचा तांब्यासुद्धा भरला. रुचा म्हणाली, "यार शंतनू, इडलीपात्रात किती मावणार?" (तिचं माहेर पुण्याचं, तिला काय कळणार.) खरा घोटाळा पुढं झाला. पहाटे नळ खाकरला, धार लागली, आणि मी अर्धवट झोपेत चपला घालून गल्लीतली दारं वाजवत सुटलो, की पाणी आलं, भरून घ्या. आपल्याकडे सांगितलं नाही तर शेजारी वर्षभर बोलत नाहीत, इथं सांगितलं म्हणून कुणीतरी पोलीस बोलावले. पोलीस सभ्य होता. पाणी आलं याबद्दल माझी तक्रार आहे का, एवढंच त्यानं विचारलं. तेवढ्यात समोरच्या मिसेस डोलन गाऊनवरच बाहेर आल्या. त्यांचे मिस्टर इंजिन ड्रायव्हर होते, ते गेल्यापासून बाई एकट्याच असतात. त्या म्हणाल्या, माझी आठवण ठेवून कुणी दार वाजवलं त्याला फार दिवस झाले, याला काही बोलू नका. मला भरून आलं गं. आता गल्लीतले लोक पाण्याचं मलाच विचारतात, आणि मी उगाच मान हलवतो.

तेव्हा इथं तुझ्यासारख्या जाणत्या माणसाची फार गरज आहे. ये, आणि येताना कळशी आण.

तुझा,
शंतनू

ता. क. रुचानं पत्र वाचलं. म्हणते, खरं काय ते लिही. पाणी त्या एका रात्रीपुरतंच गेलं होतं. घरातले नळ दिवसभर चालू असतात.

आणखी एक ता. क. तर पाणी आहे, मावशी. पण बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायला आम्हा दोघांनाही येत नाही. हॉस्पिटलात ओल्या फडक्यानं पुसायला शिकवलंय. आई गेली तेव्हा मी तान्हा होतो, आणि आठवडा आठवडा नळ यायचा नाही तरी माझ्या अंघोळीचं पाणी तू बाजूला काढून ठेवायचीस, असं सगळे सांगतात. कळशी नको आणूस. तू ये.