वाकळीतलं मधलं घर

विटा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९७६

चिरंजीव कृष्णात यास आईचा आशीर्वाद.

आमी दोघी धडधाकट हाय. म्हस व्याली, रेडी झालीय. सेलमला तुझी सोनं-चांदी गाळायची भट्टी बरी चालली असंल. अक्षर जरा लावून वाच, दुसरीपतूर शिकल्याली बाई मी.

आज आनंदानं लिहाय बसले. तुझ्या शालननं काय केलंय ऐक. शाळंतल्या बाईंनी पोरींना गणित घातलं, की एकसारखं तुकडं असं मांडा की मधी फट ऱ्हायला नको, अन् मग त्या नक्षीचं क्षेत्रफळ काढा. बाकीच्या पोरींनी रंगीत कागद कापलं. आपली बया म्हणाली, "आजी, मी वाकळ शिवणार."

"वाकळीत कसलं गं गणित?"

तर तिनं जुन्या लुगड्याचं तिकोन कापलं, तिन्ही बाजू सारख्या. सहा तिकोनांची टोकं एका जागी जुळवली की सहा कोनांचं घर झालं. "चार इंच पाया, साडेतीन उंची, गुणून निम्मं कर. सात चौरस इंच. असं सहा म्हंजे बेचाळीस. आता नुसती घरं मोजायची, आजी." चौकोनी रानाचं माप निघतं ते मला ठावं होतं, पर असल्या कोनाकोनाच्या आकाराचं बी निघतं हे ह्या वयात कळलं. शेजारच्या राहीबाईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "रंगूबाई, आता तुझ्या भाकरीचं बी माप काढंल ही." तर शालन म्हणती, "भाकरी गोल हाय मावशी, ती पुढल्या वर्षाला."

शिवत गेल्यावर वाकळ तिच्या हिशेबापेक्षा आखूड भरली. म्हणलं, "शिवणीत जातं ते धरलंस का?" पोरगी लाजली, मग दोघी लय हसलो. बना गेल्यापास्नं ह्या घरात आईचं नाव निघालं की ती पोर गप व्हायची. आता आईचीच लुगडी मांडीवर घेऊन कापती. हिरवं घर दिसतंय ते बनाच्या लग्नातलं. तांबडं तुझ्या बाच्या पटक्याचं.

मधलं घर मातुर मोकळं हाय. त्यातनं खालचं अस्तर दिसतं. "ते घर दादांच्या सदऱ्याचं," म्हणती. घरात तुझा एक जुना सदरा न्हाई. होता तो भांडी पुसून संपला, त्याला बी तीन वर्सं झाली. तू दिवाळीला पाठवलेलं पॉपलीन तिनं घडी करून ट्रंकेत ठेवलं. वाकळीत कोरं कापड घालत न्हाईत, तुला म्हाईत हाय. धुतलं की आटतं अन् बाकीच्यांना वढून धरतं.

पौषात शाळंचं गॅदरिंग हाय, तवा वाकळ भिंतीला लावणार. बाई म्हणाल्या, दुसरं कापड लाव. ही त्यांना सांगून आली, "दादा घेऊन येणार हायत." मी चूल फुकत बसले.

तुझ्यासंगं सेलमला असतो तो केरबा जत्रंला आलता. च्या घेतला. शालन शाळंत होती ते बरं झालं. "काकी, माझं नाव सांगू नका," म्हणत म्हणत सगळं सांगून गेला. तिथं तू दुसरा घरोबा केलास. बाळ चालाय लागलंय म्हणं. मी त्याला काय बोलले न्हाई, तुला बी बोलत न्हाई. तिकडं थंडी नसती म्हणत्यात, तरी लेकराला दुपटं लागतंच. त्याच्या आईचं एखादं जुनं लुगडं पाठव, मऊ झाल्यालं. डोळं हायत तवर शिवून देते.

शालनला मातुर मी सांगणार न्हाई. ते तू येऊन सांग, तुझ्या तोंडानं. गॅदरिंगच्या आधी ये. रडंल, भांडंल, पर तुझ्यासंगं भांडंल. आता भांडाय बी तिला कुणी न्हाई.

न्हाईच जमलं तर भट्टीवरचा सदरा पाठव. तेजाबानं चाळण झाला असला तरी चालंल, पाठीवर कुठं बेचाळीस चौरस इंच धड कापड निघंलच. शिवणीचं थोडं जास्त धर.

रोज शाळंतनं आली की पोर आधी विचारती, टपाल आलं का.

दोन्ही लेकरांची आजी,
रंगूबाई