वसुधाताईंचा आवाज

४ जुलै
वसुधाताई आज पुन्हा स्क्रीनला नाक लावून. नजर कडांकडून मिटत चाललीय, मधला ठिपका तेवढा उरलाय. कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरात मला काम त्यांनीच शिकवलं. आमचे इन्चार्ज सक्सेना साहेब म्हणाले, "महीने भर देखते हैं, नहीं तो टेलिफोन एक्सचेंज." माणूस वाईट नाही. पण ताईंनी एक्सचेंजात नुसते फोन जोडत बसायचं! डबा तसाच परत आणला.

७ जुलै
ताईंनी स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम शोधलाय. फुकट, पण तयार मिळत नाही; सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, आपणच बिल्ड करायचा, बांधायचा. बांधण्याआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगर चालवलं. काय काय जोडलं जाणार ते शेवटी दिसतं, मी वाचलं. रंग, यस. छपाई, यस. आवाज, नो.
"म्हणजे मुका वाचक!" ताई खो खो हसल्या.
आवाज ऐच्छिक; मुद्दाम मागावा लागतो. मागितला, तर त्याची लायब्ररी, म्हणजे आवाज काढणारा तयार कोड, मशीनवर नाहीच.

९ जुलै
लायब्ररी सगळ्यांच्या सामायिक सिस्टिम फोल्डरात टाकायला परवानगी हवी. साहेब : "इस मशीन पर सबका काम चलता है, छूना मत." तोंड पाडून परतले.
ताई : "अगं, माझं होम फोल्डर तर माझंच आहे ना? तिथं लावू. कुठे बसायचं ते कॉन्फिगरला आपण सांगायचं."
मला का सुचू नये हे?

११ जुलै
जवाहर चौकातून इयरफोन आणले. लायब्ररी ताईंच्या फोल्डरात बसली. कॉन्फिगरला तिचा पत्ता दिला. आवाज, यस!! बिल्ड व्हायला दुपार गेली. चालवलं, तर एरर. लायब्ररी सापडत नाही म्हणे. मी हातपाय गाळले.
ताई : "बांधताना पत्ता सांगितला गं. चालताना कोण सांगणार?" लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत त्याच पत्त्याची एक ओळ टाइप केली, स्क्रीनकडे न बघता. एक अक्षर चुकलं नाही.
बोललं! घोगरं, नाकात. ताईंनी एक इयरफोन माझ्या कानात घातला. दोघी रडलो. काय बाई आहे ही.

१५ जुलै
साहेबांना दाखवलं. ताईंनी स्क्रीन बंद केली, माझ्या प्रोग्राममधली चूक ऐकून शोधली, दुरुस्तही केली. (माझीच सापडायची होती!) साहेब : "कमाल है, मैडम." आता एक्सचेंजचं विचारा ना, मी मनात. ताईंनी भलतंच मागितलं.
"सर, इसे सिस्टम फोल्डर में डलवाइए. मेरे बाद किसी को ज़रूरत पड़ी, तो वो क्यों छुपाकर लगाए?"
साहेब : "ऊपर पूछना पड़ेगा. दोनों बातें, एक्सचेंज की भी."

१८ जुलै
वरून उत्तर नाही. साहेब दिसले की मी आधी त्यांच्या हातातले कागद बघते. ताईंनी मात्र आवाजाचा वेग वाढवत नेलाय. आज मी कानाला लावून बघितलं, नुसती घरघर. एक शब्द कळेना. त्या ऐकतायत, बोटं चालतायत, मधेच हसतायत.