पुसलेली सव्वीस तारीख

सोमवार, २८ सप्टेंबर १९९२. रावेर

जे झालं ते आधी नुसतं लिहून काढते.

१. परवा शनिवारी संध्याकाळी कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये अमोनियाची पाइप फुटली.
२. कॉम्प्रेसरवर हिलाल होता. त्याचे दोन्ही डोळे भाजले. उजवा गेला. डाव्याचं अजून नक्की नाही.
३. शिफ्टचा सुपरवायझर भटूदादा, म्हणजे माझा भाऊ. तो बाहेर ओट्यावर केळीची गाडी भरून घेत होता. त्याला काही झालं नाही.
४. दाबाचे आकडे हिलाल मशीनरूममधून इंटरकॉमवर सांगतो. ऑफिसात ते कॉम्प्युटरवर टाइप होतात. दिवसा मी करते, संध्याकाळी अभिमन क्लार्क. शनिवारी अभिमन होता. मी घरी होते.
५. पाइप फुटली आणि लगेच लाइट गेली.
६. मालक रुपचंदशेठ म्हणतात, दाब चढल्याचं हिलालने कुणाला सांगितलंच नाही. चूक त्याची.
७. आज सकाळी कॉम्प्युटर चालू केला. शनिवारची फाइल नाही.

ऑफिसात अजून वास आहे. खिडक्या उघड्या टाकल्या तरी जात नाही. घशात बसतो.

मंगळवार, २९ सप्टेंबर

रुपचंदशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "लाइट गेली, कॉम्प्युटर विसरून गेला. त्यात कोणाचा दोष? माणूस बेशुद्ध पडला तर त्याले काही आठवते का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली.

खरं असं आहे. लाइट गेली की मशीनच्या मेमरीतलं जातं. म्हणजे टाइप केलं पण सेव्ह केलं नाही तेवढंच. एकदा डिस्कवर गेलेलं लाइट गेल्याने जात नाही. आणि अभिमनला मी पहिल्या दिवसापासून सवय लावली आहे – एक ओळ टाइप कर, सेव्ह कर, मग दुसरी. तो देवाचं नाव घेतल्यासारखा सेव्ह करतो! फार तर शेवटची ओळ गेली असती. अख्खी फाइल नाही.

पंचवीसची आहे. चोवीसची आहे. सव्वीसचीच नाही. विसरणारा एवढं निवडून विसरत नाही. कुणीतरी नाव टाइप करून पुसली आहे.

बुधवार, ३० सप्टेंबर

पुसलेलं लगेच जात नाही. दारावरची पाटी काढली म्हणून घरातली माणसं उठून जात नाहीत. मशीन एवढंच करतं – नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि ती जागा रिकामी समजतं. पुढे कुणी काही नवीन सेव्ह केलं की ते त्या जागेत जाऊन बसू शकतं. मग खरंच गेलं.

म्हणजे या मशीनवर आता कुणी काहीही सेव्ह करता कामा नये. मीसुद्धा. आकडे आजपासून कागदावर.

पुसलेलं परत आणायचा प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर असतो, ती इथे नाही. धुळ्याला, मी जिथे कॉम्प्युटर शिकले, तिथल्या आमच्या सरांकडे आहे.

दुपारी रुपचंदशेठ स्वतः आले. त्यांनी स्क्रीनची वायर काढायला लावली आणि स्क्रीन उचलून आपल्या केबिनमधल्या कपाटात ठेवला. कुलूप घातलं. "जे काही आहे ते याच्यातच आहे ना? राहू द्या माझ्याजवळ."

डिस्क खालच्या डब्यात आहे. डबा टेबलावरच राहिला. मी "बरं" म्हटलं.

स्क्रीन नाही तर टायपिंग नाही. बरंच झालं!

शुक्रवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. जळगावला जाऊन आले. घरी सांगितलं – मैत्रिणीकडे.

दवाखान्यात हिलालच्या डोळ्यांवर पट्टी. आवाजावरून ओळखलं त्याने. "ताई का? लिहून ठेवलं ना तुम्ही?" मी म्हटलं, मी घरी होते.

त्याची बायको भिकुबाई भडगावकडची. मला व्हरांड्यात घेऊन गेली. "ताई, त्येस्नी फोनवर सांगं व्हतं. दोनदाव सांगं. बठ्ठासनी ऐकं. आते कोनीच बोलत नही."

बठ्ठासनी, म्हणजे सगळ्यांनी. पण सगळे म्हणजे कोण? इंटरकॉमची वायर एकच आहे. मशीनरूम, ऑफिस, ओटा. एकाने बोललं की तिन्हीकडे ऐकू जातं.

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा वाचवायचा तर मुंबईला न्यायला हवं, या महिन्यातच. कंपनी नेईल – पण चूक हिलालची नाही असं ठरलं तर. फॅक्टरी इन्स्पेक्टर पुढच्या सोमवारी, बारा तारखेला येणार आहेत. ते लिहितील तसं होईल.

भिकुबाई म्हणाली, "एक डोया ऱ्हायना तरी तो काम करी." एक डोळा राहिला तरी पुरे, एवढंच तिचं मागणं. मी तिला काही कबूल केलं नाही. करायला माझ्याकडे काही नव्हतं.

स्टँडवरच्या एसटीडीवरून धुळ्याला सरांना फोन केला. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "फ्लॉपी आहे, पण मुलांचं प्रॅक्टिकल चालू आहे. बुधवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो. आणि उज्ज्वला, तोवर त्या डिस्कवर एक अक्षर लिहू देऊ नकोस."

शनिवार, ३ ऑक्टोबर

स्क्रीन परत आला. गाड्यांची पत्रं खोळंबली म्हणून.

अभिमन खुर्चीवर बसलासुद्धा होता. बोटं की-बोर्डवर. मी म्हटलं, "थांब. मशीनमध्ये व्हायरस आहे."

याहून बरं काही सुचलं नाही. तो इतक्या झटक्याने उठला की खुर्ची पडली! "लागते का ताई तो? मी सकाळपासून हात लावून ऱ्हायलो!" साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग नाकाला रुमाल बांधून दाराशी उभा राहिला.

मी त्याला सांगितलं नाही की व्हायरस म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम. अंगाला लागत नाही, हवेतून येत नाही. सांगायला हवं होतं. पण त्याच्या भीतीचा मला उपयोग आहे.

त्याला विचारलं, "शनिवारी हिलाल फोनवर काय म्हणाला?"

"मले काही आठवत नाही."

"तू टाइप केलंस ना?"

"तुम्हीच सांगितलं ना, कानावर पडेल ते टाइप कर, डोकं चालवू नको. मी नाही चालवलं." मग रुमालामागून हळूच म्हणाला, "नका विचारू ताई. तुम्हालेच जड जाईन."

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली. त्या दिवशीही रोजच्यासारखी त्याने फाइल फ्लॉपीवर कॉपी केली होती. पाइप फुटायच्या जरा आधी! फ्लॉपी रुपचंदशेठच्या ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवरला कुलूप. शेठ सोमवारी येतील.

मग धुळ्याची वाटही पाहायला नको.

रविवार, ४ ऑक्टोबर

जेवताना दादाने विचारलं, "कॉम्प्युटरमधून एकदा पुसलं की गेलंच ना ते?"

मी म्हटलं, "का?"

"असंच. शेठ विचारत होते."

मी म्हटलं, "बघावं लागेल." त्याने ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि उठला. वहिनी म्हणाली, आठ दिवस झाले, धड जेवत नाहीत. हिलाल त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे.

सोमवार, ५ ऑक्टोबर. खंडेनवमी

गेल्या वर्षीही पूजा झाली होती, पण तेव्हा फक्त मशीनला हार होता.

मी पोचले तेव्हा सगळं मांडून झालं होतं. पान्हे, वजनकाटा, कॉम्प्रेसरची तुटलेली पाइपसुद्धा. कॉम्प्युटरच्या डब्यावर स्वस्तिक, वर लिंबू-मिरची. आणि पाटावर, शेठनी पूजेसाठी ड्रॉवरमधून काढून दिलेल्या आमच्या सगळ्या फ्लॉप्या ओळीने, पाकिटांतून काढलेल्या. प्रत्येकीवर ओलं हळदकुंकू, अक्षता, पाणी शिंपडलेलं. मधल्या उघड्या खाचेत कुंकवाचा चिखल.

अभिमन आंघोळ करून, टोपी घालून. "व्हायरस हाय म्हणून अवंदा नीट केली ताई. पाकिटावरून कशी करावं? खुद्द हत्याराले लागलं पाहिजे ना!"

सव्वीसची फ्लॉपी तिसरी होती. मी कापसाने पुसली. खाचेतली तबकडी खरवडली गेली होती, बोटाला कळत होतं. तरी दुपारी मशीनमध्ये घालून पाहिली. आतून नुसता खरखर आवाज. वाचता आली नाही.

अभिमनने प्रसाद दिला. मी खाल्ला. त्याला काय बोलणार? त्याने मनापासून केलं होतं.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

दसरा. दादाने सोनं दिलं. पाया पडले. त्याचा हात डोक्यावर बराच वेळ राहिला.

बुधवार, ७ ऑक्टोबर

आज माझंच खोटं माझ्या अंगावर आलं.

रुपचंदशेठनी सगळ्यांना बोलावलं. व्हायरस कुठून आला याचा त्यांनी शोध लावला आहे. "हिलाल मशीनरूममधून तेलाचे हात घेऊन ऑफिसात यायचा. त्यानेच आणला. आणि तोच त्याच्या डोळ्यांत गेला असेल, काय सांगता? आपला गॅस तर इतकी वर्षं कोणाले बाधला नाही!"

दोघं-तिघं हसले. दोघं-तिघं हसले नाहीत – त्यांना ते पटलं होतं. ते जास्त वाईट.

मी म्हटलं, "शेठ, व्हायरस माणसाला होत नाही."

"मग ताई, तुम्हीच तर म्हणे हात लावू नका!"

खरं उत्तर दिलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

भुसावळहून इंजिनियर बोलावला आहे. शुक्रवारी येऊन डिस्क "धुऊन" देणार. साध्या फॉरमॅटने पाटी पुसते, घर राहतं – ते मला चाललं असतं. पण हा इंजिनियर तळापासून करतो म्हणे. शेठनी फोनवर तेच सांगितलं. "मुळापासून. काही शिल्लक नको."

त्याने तसं केलं तर मग धुळ्याची फ्लॉपी नाही, सर नाही, कुणीच नाही.

संध्याकाळी स्टँडवर गेले. धुळ्याची गाडी आली. कंडक्टरकडे काही नव्हतं. "उद्या बघा ताई, दुसऱ्याजवळ दिलं असेन."

घरी आले तर दादा ओसरीवर. "स्टँडवर कशाला गेली होती?"

"पार्सल होतं."

"कसलं?"

"पुस्तक."

तो म्हणाला, "उजू, तू मशीनचं पाहा. माणसांचं माणसांले पाहू दे." रागावून नाही म्हणाला. विनवल्यासारखं म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

फ्लॉपी आली! तिच्याबरोबर सरांची एकच ओळ – पहिलं अक्षर तुलाच द्यावं लागेल.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. अभिमनला बाहेर बसवलं. सांगितलं, व्हायरस काढतेय, आत कुणाला येऊ देऊ नको. तो दाराला पाठ लावून बसला.

पुसलेल्या नावांची यादी आली. बहुतेक माझ्याच जुन्या फाइली. सर्वांत खाली, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, पुढे सहा, सप्टेंबर. मशीनने विचारलं, पहिलं अक्षर कोणतं? मी दोन दाबला.

आली. अख्खी. एक ओळही गेलेली नाही.

दोन कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतली. मग उघडली. आधी आकडे वाचले. दर ओळीला चढत गेलेले. मग अभिमनने कानावर पडेल ते टाइप केलेलं वाचलं.

बाहेर आले. अभिमनने विचारलं, "निघाला का ताई?"

मी हो म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पाणी आणू?"

दोन्ही फ्लॉप्या संध्याकाळी पोस्टाने सरांकडे रवाना. घरी आणल्या नाहीत.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

इंजिनियर येऊन गेला. डिस्क धुतली. शेठनी पेढे वाटले.

दादाच्या डब्यात भाकरीखाली चिठ्ठी ठेवली. तिची नक्कल इथे.

"दादा, शनिवारची फाइल परत मिळाली आहे. इथे नाही, सुरक्षित आहे. तिच्यात हे आहे – हिलाल: दाब चढतोय, बंद करू का? भटूभाऊ: गाडी भरू दे. हिलाल: भाऊ, फार चढला. भटूभाऊ: दहा मिनिटं थांब म्हटलं ना.
ती कुणी पुसली ते मी विचारत नाही.
सोमवारी इन्स्पेक्टर येतील. तू स्वतः सांगणार की मी फाइल द्यायची, एवढं मला रविवारी संध्याकाळपर्यंत कळव. – उज्ज्वला"