छंद : पोहणे

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (तुझे गुडघे आणि माझी कंबर दोन्ही लक्षात घेऊन तो तू मनातल्या मनात स्वीकारावास, मीही मनातल्या मनातच घातला आहे.) तुझं पत्र पोचलं. त्यात गुडघ्यांबद्दल दीड पान आणि माझ्या नोकरीबद्दल एकच ओळ, तीही 'मेल्या, लागली का कुठे?' अशी, हे वाचून बरं वाटलं. मला मेल्या म्हणणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तर मावशी, लागली. लगेच उड्या मारू नकोस, गुडघे आहेत. आधी सगळं वाचून घे.

आठ महिने मी घरी बसून होतो हे तुला माहीतच आहे. त्या काळात मी एकेचाळीस अर्ज केले आणि सगळे स्वतःच्या अकलेने, म्हणजे कसे ते तू ओळखलंच असशील. खोटं लिहायचं नाही हे तूच मला कानाला धरून शिकवलंस. म्हणून 'स्वभाव' या सदरात मी लिहायचो, चहाच्या आधी भांडकुदळ, चहानंतर बरा. 'आधीची नोकरी का सोडली' इथे लिहायचो, मी सोडली नाही, त्यांनीच सोडवली. एकेचाळिसांपैकी एकच पाकीट घरी आलं, आणि तेही पत्ता चुकला म्हणून पोस्टाने परत केलेलं माझंच होतं. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने माझा बेचाळिसावा अर्ज छापायला घेतला, मान वाकडी करून वाचला आणि विचारलं, साहेब, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?

त्याचं म्हणणं असं, की बायोडेटा एका पानाचा हवा. आपण काय काम करायचो ते लिहू नये, आपल्यामुळे काय सुधारलं ते लिहावं. आणि सोबतच्या पत्रात कंपनीला आपण का हवे आहोत ते सांगावं, आपल्याला कंपनी का हवी आहे ते नाही. (हे ऐकून मला रडूच आलं. आठ महिने मी नेमकं उलटं करत होतो.) त्याच्या कॉम्प्युटरवर असा एक बायोडेटा तयारच होता, पत्रासकट. कोणाचा, ते त्यालाही माहीत नव्हतं; दुकान घेतलं तेव्हापासून मशीनमध्ये होता. नाव आणि फोटो तेवढा बदलायचा, बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही. तो ज्यांनी ज्यांनी नेला, ते पुन्हा कधी अर्ज छापायला आले नाहीत म्हणे. मी वाचला. मनमिळाऊ. कष्टाळू. कोणत्याही परिस्थितीत शांत. लेखन डाव्या हाताने. (असं कोण लिहितं?) छंद : पोहणे. इथे मात्र मी अडलो. मावशी, मी आणि पाणी! पाचव्या वर्षी तुझ्या घरामागच्या हौदात पडलो होतो, तू केसांना धरून वर ओढलंस, तुझ्या कोपरावर अजून त्याचा वण आहे, आणि तेव्हापासून मी आंघोळसुद्धा तांब्याने आणि दाराची कडी न लावता करतो. पण झेरॉक्सवाला म्हणाला, नोकरी काय पाण्यात करायची आहे का? मला हा मुद्दा अगदी बिनतोड वाटला. सही केली.

चौथ्या दिवशी मुलाखत. इतरांचे जुने कागद सांभाळायची कंपनी आहे, लांबच लांब खोली, भिंतभर लोखंडी कपाटं. समोर तीन साहेब. मी उत्तरं घोकून गेलो होतो, पण कोणी काही विचारेचना. मधल्या साहेबांनी माझा अर्ज जुन्या मित्राचं पत्र वाचावं तसा सावकाश वाचला आणि म्हणाले, "या. खुर्ची तशीच ठेवली आहे." मला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत! खुर्चीवरची उशी आधीच दबलेली होती, आणि बसलो तर बरोब्बर माझ्या मापाची निघाली. टेबलाच्या खणात एक चष्मा होता. घालून पाहिला, तर माझाच नंबर. (वर खूशही झालो. काय गाढव आहे मी!)

खात्यात माझ्यासकट पंधरा माणसं. फार चांगली माणसं, इतकी की पहिल्या आठवड्यात मला भांडायला कोणी सापडेना. सगळे डाव्या हाताने लिहितात. एकाला शिंक आली की बाकीचे रुमाल काढतात. मला काम मिळालं कर्मचाऱ्यांच्या फायली लावायचं, आणि तुला माहीत आहे, कागद दिसला की वाचायची मला खोड. पंधरा फायली, पंधरा फोटो, पंधरा नावं, आणि खाली शब्दन्‌शब्द तोच बायोडेटा. सगळ्यात तळाशी सोळावी फाइल, कागद पिवळा पडलेला, नावाच्या जागी खाडाखोड आणि फोटोच्या जागी नुसता वाळलेला डिंक. शेजारी आवक-जावकच्या बाई बसतात, त्यांना हळूच विचारलं, बाई, तुम्हाला पोहता येतं का हो? त्यांनी पेन खाली ठेवलं, बराच विचार केला आणि म्हणाल्या, "आता येतं."

घरी तुझी भाचेसून आधी खूश होती. सकाळी चहाच्या आधी मी तिच्याशी गोड बोलतो म्हणजे काय! पण पंधरा दिवसांनी म्हणाली, एकदा तरी भांड रे, मला भीती वाटते. मी मनापासून प्रयत्न केला. तोंडातून निघालं, तुझा मुद्दा योग्य आहे. ती रडायलाच लागली. आणि परवाच्या रविवारी तर कहर झाला. सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला निघालो, आणि पाय जाऊन थांबले ते तरणतलावाशी. बाकीचे चौदा जण आधीच पाण्यात होते, एका रांगेत, मध्ये एक जागा सोडून. मी पिशवी काठावर ठेवली. पाण्याखाली माझे डोळे उघडे होते, मावशी, आणि मला अजिबात भीती वाटली नाही. बाहेर आल्यावर मात्र इतकी वाटली की भाजी न घेताच घरी पळालो.

बाकी सर्व क्षेम. काळजी करू नकोस. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
मेल्या

ता. क. : खरं सांगतो, पत्र यासाठीच लिहिलं. एकविसाव्या वर्षी मी पहिला अर्ज केला तो तुझ्या स्वयंपाकघरात बसून, तू डोक्यावर उभी राहून. त्याची प्रत तू पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेस. त्यात छंद आहे 'रेडिओ उघडणे (पुन्हा जोडता येत नाही)'. तेवढा कागद लगेच पाठव. तो मी फायलीत लावतो आणि तिथला फाडून टाकतो. नोकरी गेली तर गेली. मला मी परत हवा आहे गं.

ता. क. २ (गुरुवार) : पाकिटाला तिकीट लावायचं राहून गेलं. कागदाची तशी घाई नाही, सवडीने पाठव. अक्षर वेगळं दिसलं तर दचकू नकोस, या हाताने जास्त सुबक येतं. आज घरातला रेडिओ बंद पडला होता. उघडला आणि पाच मिनिटांत जोडून दिला. तुझी भाचेसून दारात उभी राहून नुसती बघत होती.

ता. क. ३ (सोमवार) : महोदया, सोबतचं पत्र माझ्या खणात मिळालं. पाकिटावर आपला पत्ता होता, म्हणून पाठवत आहे. (परवानगीशिवाय वाचल्याबद्दल क्षमस्व.) आपल्या गुडघ्यांना लवकर आराम पडो. यात मागितलेला कागद पाठवण्याची आता तसदी घेऊ नये, फाइल पूर्ण आहे. हौदात पडलेल्या त्या मुलाची मात्र फार काळजी वाटते. तो हल्ली कुठे असतो?